कल्याण जंक्शन : तीन मिनिटांचे वीस मिनिटे कसे होतात?

"सर, गाडी चुकली." हे वाक्य ऐकले नाही असा शिक्षक मुंबईच्या उपनगरांत सापडणे कठीण. मी स्वतः ते विद्यार्थी म्हणून पुष्कळदा म्हटले आहे. कल्याणपलीकडच्या एका लहान गावातून मी महाविद्यालयात येत असे. पहिल्या तासाच्या प्राध्यापकांचा नियम साधा होता : हजेरी संपल्यावर आलेला विद्यार्थी गैरहजर. वर्षाअखेर हजेरी कमी पडली आणि परीक्षेला बसण्यासाठी मला अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. तेव्हा प्राध्यापकांचा राग येई. आज, संशोधनात पंधरा-वीस वर्षे काढल्यावर, वाटते की त्यांचे चुकले ते एका गणितात. ज्या गणिताने माझे दोन-तीन मिनिटांचे वीस मिनिटे होत, ते त्यांनी कधी मांडून पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते.

हे गणित जंक्शनचे आहे. नकाशावर जंक्शन म्हणजे दोन रेषा जिथे मिळतात तो बिंदू. प्रत्यक्षात ती दोन वाटा एकमेकींना छेदणारी जागा असते, आणि सारा घोळ त्या छेदण्यात आहे. तो समजून घेण्यासाठी कल्याणइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

जागा नद्यांनी ठरवली

प्रथम प्रश्न असा की जंक्शन कल्याणलाच का झाले? ठाण्याला का नाही, किंवा पुढे कर्जतला का नाही?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, हे आपण शाळेत शिकवतो. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. पण कल्याण हे मुक्कामाचे ठिकाण नव्हतेच. कंपनीचे डोळे लागले होते घाटमाथ्याकडे. एका बाजूला खानदेश-वऱ्हाडचा कापूस आणि त्यापुढचा उत्तर हिंदुस्थान, दुसऱ्या बाजूला पुणे, सोलापूर आणि दक्षिण. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी होती. सुरुवातीच्या काळात माळशेज घाटातून वाट काढण्याचा विचार होता. तो मागे पडला आणि कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी दोन वेगळ्या वाटा पुढे आणल्या : ईशान्येला थळ घाट (आजचा कसारा घाट) आणि आग्नेयेला बोर घाट.

आता नकाशा उघडून नद्या पाहा. उल्हास नदी बोर घाटाच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर अशी खाली येते. भातसा कसाऱ्याच्या बाजूने उतरते आणि काळू नदीला मिळते. काळू पुढे कल्याणच्या परिसरात उल्हासला मिळते. आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणून डोंगराकडे जाताना ती शक्यतो नदीचे खोरे धरून जाते, कारण पाण्याने हजारो वर्षे झिजवून सर्वांत सौम्य उताराची वाट आधीच तयार करून ठेवलेली असते. कर्जतचा फाटा उल्हासच्या खोऱ्यातून गेला, कसाऱ्याचा फाटा काळू-भातसाच्या खोऱ्यातून. टिटवाळा काळूकाठी आहे, खडवली भातसाकाठी. दोन खोरी जिथे एकत्र येतात, तिथेच रुळांचे दोन फाटेही एकत्र आले.

रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून कल्याण हे असेच वाटा मिळण्याचे ठिकाण होते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे. घाटांवरून उतरलेला माल इथे खाडीच्या पाण्याला मिळत असे. रेल्वेने नवे जंक्शन निर्माण केले म्हणण्यापेक्षा जुन्या जंक्शनवर रूळ टाकले असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

कसाऱ्याच्या दिशेचा फाटा १८५५ मध्ये वासिंदपर्यंत गेला. १८५६ मध्ये दुसरा फाटा घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचला आणि कल्याण खऱ्या अर्थाने जंक्शन झाले. बोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाट १८६५ मध्ये. बोर घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि त्यांतील हजारो रोगराईने व अपघातांनी मरण पावले. १८७० मध्ये ईशान्येच्या मार्गाने मुंबई कलकत्त्याशी जोडली गेली, १८७१ मध्ये आग्नेयेच्या मार्गाने मद्रासशी. या दोन्ही दिशांच्या गाड्या कल्याणवरूनच जाऊ लागल्या.

एकास सदतीस

दोन्ही घाटांत सर्वांत तीव्र चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवतही नाही. मग आगगाडीला का?

विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करायला द्यावा. सपाटीवर पोलादी रुळांवरून पोलादी चाके फिरवत न्यायला दर टनामागे फक्त दोन-तीन किलोग्रॅम इतका जोर लागतो. रेल्वेची सारी काटकसर याच गुणात आहे. पण १:३७ च्या चढावर वजनाचा सदतिसावा भाग मागे ओढत असतो, म्हणजे दर टनामागे सुमारे २७ किलोग्रॅम. जोर एकदम दहापट झाला! सगळी मिळून १००० टनांची गाडी असेल तर ३० टनांच्या आसपास ओढ हवी. आता इंजिन १२० टनांचे धरा. चाक आणि रूळ यांमधील घर्षणांक पाव धरला, तर चाके न घसरता इंजिन जास्तीत जास्त ३० टन ओढू शकते. पावसात रूळ ओले झाले की तेवढेही नाही. म्हणून कसारा आणि कर्जत येथे पूर्वीपासून गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने, म्हणजे 'बँकर', लावत आले आहेत. अलीकडे काही गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडे इंजिने असतात. वंदे भारतसारख्या गाडीत अनेक डब्यांखाली मोटारी असल्याने चाकांवरचे बरेचसे वजन ओढीच्या कामी येते आणि बँकर लागत नाही. मालगाड्यांची गोष्ट वेगळी. जड गाड्यांना जादा इंजिने लावणे-सोडणे आणि घाट मोकळा होईपर्यंत थांबणे, या साऱ्याचा ताण पायथ्यापासून मागे कल्याणपर्यंत पोहोचतो.

फाट्यावरची वस्ती

विसाव्या शतकात या लांब पल्ल्याच्या जंक्शनवर दुसरे एक जंक्शन येऊन बसले, ते म्हणजे लोकलचे. १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा झाला आणि ठाणे-कल्याण अंतर कापणे सोपे झाले. मुंबईत विजेची पहिली गाडी १९२५ मध्ये धावली आणि १९३० पर्यंत वीज कल्याणमार्गे पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचली. ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते. विजेची गाडी वाफेच्या गाडीपेक्षा लवकर वेग घेते आणि टोकाला गेल्यावर तिचे तोंड फिरवावे लागत नाही. जवळजवळ असलेल्या स्थानकांसाठी हे दोन्ही गुण मोलाचे.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. अंबरनाथ आणि बदलापूर येथे कारखाने आणि नंतर घरे आली. मुंबईत जागा परवडेना, तसतशी माणसे दोन्ही फाट्यांवर पुढे पुढे सरकत गेली. आज लोकल एका फाट्याने कसाऱ्यापर्यंत, म्हणजे मुंबईपासून सुमारे १२१ किलोमीटर, आणि दुसऱ्याने कर्जत व खोपोलीपर्यंत जाते. कल्याण स्वतः मुंबईपासून सुमारे ५४ किलोमीटरवर. अर्थात निम्म्याहून अधिक लांबीची सेवा जंक्शनच्या पलीकडे आहे, पण गाड्यांची दाटी अलीकडे आहे. गर्दीच्या वेळी कल्याणच्या अलीकडे दर तीन-चार मिनिटांनी गाडी असते. टिटवाळ्यापलीकडच्या माणसाला अर्धा तास, कधी त्याहून अधिक थांबावे लागते.

फळ्यावरचे जंक्शन

आता खडू घ्या आणि फळ्यावर डावीकडून उजवीकडे दोन समांतर रेषा काढा. डावीकडे मुंबई. आपल्याकडे गाड्या डाव्या हाताने चालतात, म्हणून वरची रेषा मुंबईहून जाणारी 'डाऊन' आणि खालची मुंबईकडे येणारी 'अप'. आता उजवीकडे या जोडीचे दोन फाटे करा : वर कसारा, खाली कर्जत. प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन-दोन रेषा हव्यातच. चित्र पुरे केले की ध्यानात येईल, कर्जतकडे जाणारी डाऊन रेषा कसाऱ्याकडून येणाऱ्या अप रेषेला छेदल्याशिवाय निघूच शकत नाही. कसेही काढा, रेषा एकाच पातळीत ठेवल्या तर हा छेद टळत नाही.

प्रत्यक्षात कल्याणला दोन नाही, अनेक मार्ग आहेत. जलद, धीमे, लांब पल्ल्याचे, शिवाय मालगाड्यांचे यार्ड. छेदांची संख्या त्यामुळे वाढते, पण त्यांची जात हीच.

छेदावर एका वेळी एकच गाडी असू शकते, आणि ही गोष्ट माणसाच्या दक्षतेवर सोडलेली नाही. एका गाडीचा मार्ग लावला की त्यातील सांधे कुलूपबंद होतात आणि त्या मार्गाला छेदणाऱ्या दुसऱ्या मार्गाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. गाडी पुढे सरकली की नाही हे ओळखण्याची एक जुनी आणि सुंदर युक्ती वर्गात करून दाखवता येते. दोन समांतर पट्ट्या रुळांसारख्या ठेवा. एका टोकाला घट आणि त्याच्याशी एकसरीत एक रोध जोडा, दुसऱ्या टोकाला लहान दिवा. दिवा लागेल. आता पट्ट्यांवर धातूचा दांडा आडवा ठेवा. हा दांडा म्हणजे गाडीचा आस. वीज दांड्यातूनच परत फिरेल आणि दिवा विझेल. दिवा लागलेला म्हणजे रूळ मोकळा, विझलेला म्हणजे गाडी आहे. खुबी अशी की घट संपला, तार तुटली किंवा रूळ मोडला तरीही दिवा विझतोच. यंत्रणा बिघडली तर ती 'थांबा' असेच सांगते. काही ठिकाणी आता आस मोजणारी यंत्रेही असतात, पण तत्त्व हेच : शंका आली की लाल.

ही सुरक्षितता अमोल आहे. मात्र तिची किंमत वेळात मोजावी लागते.

एका मिनिटाचा हिशेब

बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब असते. सांध्यांचा पट्टा २०० मीटरचा धरू आणि वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. गाडीचे तोंड पट्ट्यात शिरल्यापासून शेपूट बाहेर पडेपर्यंत ४६० मीटर जायला हवे, म्हणजे सुमारे ५५ सेकंद. सांधे फिरणे, कुलूप लागणे, सिग्नल बदलणे यांचे मिनिटभर धरले, तर एक लोकल छेदाला दोन मिनिटे अडवते. ७०० मीटर लांबीची मालगाडी सेकंदाला ५ मीटर वेगाने निघाली तर तिला ९०० मीटरसाठी तीन मिनिटे, अधिक एक, अशी चार मिनिटे लागतील.

समजा, लोकल दर चार मिनिटांनी आहेत. दोन लोकलमध्ये छेद दोन मिनिटे मोकळा राहतो. तेथे चार मिनिटांची मालगाडी सोडली. पुढची लोकल दोन मिनिटे थांबेल. तिच्यामागची मात्र वेळेवर जाईल, कारण मधल्या मोकळ्या वेळाने नुकसान भरून काढले. एकूण उशीर दोन मिनिटे, एका गाडीला.

आता लोकल दर तीन मिनिटांनी करा. मोकळा वेळ उरला एक मिनिट. तीच मालगाडी सोडली. पहिली लोकल तीन मिनिटे थांबली. दुसरी वेळेवर आली, पण पुढची अजून सांध्यावरच, म्हणून ती दोन मिनिटे थांबली. तिसरी एक मिनिट. चौथी वेळेवर. एकूण उशीर सहा मिनिटे, तीन गाड्यांना.

गाड्यांमधील अंतर फक्त एका मिनिटाने कमी केले आणि त्याच घटनेचा उशीर तिप्पट झाला. 'गाड्या वाढवा' ही मागणी अगदी रास्त आहे, पण छेद तसेच ठेवून गाड्या वाढवल्या तर वेळापत्रकातील मोकळे क्षण खर्ची पडतात. ते मोकळे क्षण रिकामे दिसले तरी वाया गेलेले नसतात. उशीर गिळून टाकण्याचे काम तेच करतात.

तीनाचे वीस

आता वासिंदच्या एका विद्यार्थिनीची कल्पना करा. ती कल्याणला उतरून कर्जतच्या बाजूची लोकल पकडते. तिची पहिली गाडी आणि दुसरी गाडी यांत सहा मिनिटांचे अंतर आहे. गर्दीतून पुलावर चढून दुसऱ्या फलाटावर जायला चार मिनिटे लागतात. पहिली गाडी एक किंवा दोन मिनिटे उशिरा आली तर काहीही बिघडत नाही. ती तीन मिनिटे उशिरा आली की दुसरी गाडी गेली, आणि पुढची वीस मिनिटांनी.

आपल्या फळ्यावरच्या चित्राकडे पुन्हा पाहा. छेदणाऱ्या दोन रेषा कोणत्या होत्या? कसाऱ्याकडून येणारी आणि कर्जतकडे जाणारी. म्हणजे तिला आणणारी गाडी आणि तिला पकडायची गाडी याच तेथे एकमेकींच्या आड येतात. दुसरीला वेळेवर सोडण्यासाठी पहिलीला स्थानकाबाहेर थांबवले, तर वेळापत्रकाच्या दृष्टीने तो लहानसा उशीर. या मुलीच्या दृष्टीने मात्र पहिला तास गेला.

याचा आलेख काढला तर तो सरळ रेषा येत नाही. तो पायरीसारखा येतो : दोन मिनिटांपर्यंत शून्य, मग एकदम वीस. ठाकुर्ली किंवा डोंबिवलीच्या विद्यार्थ्याची पायरी मात्र तीन-चार मिनिटांचीच असते. दोघे सारखेच दक्ष असले तरी हजेरीपटावर एक आळशी दिसेल आणि दुसरा वक्तशीर. धोका टाळायचा तर मुलीने रोज आधीची, अर्ध्या तासापूर्वीची गाडी धरावी. वर्षात २०० दिवस धरले तर हे १०० तास झाले. जंक्शनपलीकडे राहण्याचा हा कर आहे, आणि तो तिच्या झोपेतून किंवा अभ्यासातून वसूल होतो.

कधी तो याहून महाग पडतो. पुलाची चार मिनिटे वाचवायला माणसे रूळ ओलांडतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची लोकल दर सेकंदाला ०.८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करत गेली, तरी थांबायला ३०० मीटरहून अधिक लागतात. ताशी १०० किलोमीटरने येणारी एक्स्प्रेस ०.५ च्या दराने थांबवली तर पाऊण किलोमीटर. गाडी चालवणाऱ्याला माणूस दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. 'रूळ ओलांडू नका' एवढेच सांगण्यापेक्षा हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. ते अधिक काळ लक्षात राहते.

उपाय कोणते?

छेद काढायचा मार्ग तत्त्वतः सोपा आहे : एक वाट दुसरीच्या वरून न्यायची किंवा दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे मार्ग मुळातच वेगळे ठेवायचे. ठाणे ते दिवा पाचवा-सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तो याच विचाराने. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या '३-अ' टप्प्यात कल्याण यार्डाची फेररचना आहे. लांब पल्ल्याच्या व लोकल गाड्यांना यार्डात वेगवेगळी वाट देणे हा तिचा हेतू. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग आणि कल्याण-आसनगाव चौथा मार्गही त्याच टप्प्यात आहेत. चालत्या जंक्शनवर हे काम करणे म्हणजे धावत्या माणसाचे जोडे बदलण्यासारखे आहे. वेळ लागणारच.

तोवर आपल्याला वर्गात एक गोष्ट करता येईल. आठवडाभर विद्यार्थ्यांना आपापल्या गाडीची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ टिपायला सांगा. हे टिपण फलाटावरून करायचे, रुळांजवळून नाही. शक्य असल्यास कोणती गाडी पकडली आणि कोणती चुकली हेही लिहू द्या. मग स्थानकवार सरासरी काढा आणि पायरीचे आलेख शेजारी-शेजारी लावा. सांख्यिकीचा इतका जिवंत धडा कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. निष्कर्ष विद्यार्थ्यांनाच काढू द्या.

आणि त्या आलेखांशेजारी आपला हजेरीपटही एकदा ठेवून पाहा. उशिरा येणाऱ्यांची नावे आणि जंक्शनपलीकडच्या गावांची नावे जर जुळत असतील, तर पहिल्या तासाला कोणता विषय ठेवायचा आणि हजेरी केव्हा घ्यायची, याचा विचार शाळेला करता येईल. सांधे बदलणे आपल्या हातात नाही. वेळापत्रकात दहा मिनिटांचा मोकळा वेळ ठेवणे आहे.